दिवसभर माणसांशीच बोलते, तरी एकटी कशी?

खिडकीतली

काल दुपारी दुकानात काउंटरवरच्या मुलीने "पिशवी हवी का?" विचारलं आणि माझा आवाजच फुटेना. घसा खाकरला, मग कसंबसं "नको" निघालं. परत येताना हिशेब केला. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा कॉल संपला, त्यानंतर रविवार दुपारपर्यंत मी तोंडाने उच्चारलेला तो पहिला शब्द. घरचे दोन दिवस प्रवासात होते, त्यामुळे तिकडचाही फोन नव्हता.

परदेशात येऊन दीड वर्ष झालं. आले तेव्हा ऑफिस होतं. सात महिन्यांनी कंपनीने जागा सोडली आणि सगळे कायमचे घरून. टीम पाच देशांत विखुरलेली. मी एकटी राहते. काम आवडतं, पगार वेळेवर होतो, वरिष्ठ समंजस आहेत. म्हणजे तक्रार करावी असं काही नाही, आणि तीच पंचाईत आहे. आईजवळ बोलले तर "मग ये परत" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. मैत्रिणींना सांगावं तर "तुझं बरंय बाई, परदेशात आणि वर घरून काम!" यावर काय बोलणार?

दिवसाला पाच-सहा कॉल असतात. बोलणं कमी नाही. उलट संध्याकाळी तोंड दुखतं. पण लॅपटॉप मिटला की खोलीत एकदम जी शांतता होते ना, तिची हल्ली भीती वाटते. जिम लावून पाहिली, तिथे सगळ्यांच्या कानात हेडफोन. रोज रात्री घरी तास-दीड तास व्हिडिओ कॉल करते, तो ठेवल्यावर आधीपेक्षा जास्त भकास वाटतं. हे असं का होतं?

तुम्ही काय केलंत ते सांगा. कृपया "एखादा छंद जोपासा" नको. छंद आहेत. तेही एकटीचेच आहेत.

दोन_घड्याळं

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी ते तीन वर्षं भोगलंय.

माझ्या टेबलावर दोन घड्याळं होती, एक इथलं, एक घरचं. हळूहळू मी दुसऱ्यावरच जगायला लागलो. सकाळी उठलो की आधी तिकडच्या बातम्या, तिकडचा पाऊस, तिकडच्या चुलत भावाच्या नोकरीची भानगड. माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची झोपायची वेळ, म्हणून कॉल दुपारी. मग दुपारी कुठे बाहेर पडणं नाही. शनिवार-रविवार त्यांच्या सोयीने. एकदा इथल्या सरकारने घड्याळ एक तास मागे केलं तेव्हा मला पहिला त्रास कसला झाला? कॉलची वेळ चुकली याचा. तीन वर्षांनी कुरिअरवाल्याने खालच्या शेजाऱ्याचं पार्सल माझ्याकडे ठेवायला आणलं आणि "त्यांचं नाव काय?" असं विचारलं. मला सांगता आलं नाही. तिकडच्या गल्लीत कोणी नवी गाडी घेतली ते मात्र माहीत होतं.

कॉल बंद करा असं सांगत नाही. मी लांबी कमी केली आणि तऱ्हा बदलली. समोरासमोर बसून "आणखी काय?" "तू सांग" असं चाललेलं असतं ते बंद. आता आई तिचं काहीतरी आवरत असते, मी कपड्यांच्या घड्या घालतो, फोन बाजूला चालू. मध्येच पाच मिनिटं कोणीच बोलत नाही. ती पाच मिनिटं दीड तासाच्या गप्पांहून जास्त पोचतात. तुम्ही करून बघा.

निवांत

मला हा प्रकार कळत नाही. मीही सहा वर्षं परदेशात, घरून काम, एकटा. याहून सुखाचं आयुष्य नाही. कोणी डोकं खायला नाही. एकटं असणं आणि एकटं वाटणं यांत फरक असतो, तो ओळखायला शिका.

खिडकीतली

@निवांत, फरक ओळखला म्हणून तर लिहिलं. पहिलं मलाही आवडतं. :)

पुस्तकी_किडा

हा फरक बोलायला सोपा आहे, पण त्याच्या आत आणखी एक फरक दडलेला आहे आणि खिडकीतलींचं उत्तर तिथे सापडेल असं वाटतं.

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. एक भावनिक: जिवाभावाचं, अगदी जवळचं माणूस नसणं. दुसरा सामाजिक: आपण ज्यात मोडतो असं गणगोत, शेजार, घोळका नसणं. त्याचं महत्त्वाचं म्हणणं असं, की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. तहान लागलेल्याला जेवायला वाढण्यासारखं ते होतं. तुमच्याकडे आई आहे, मैत्रिणी आहेत. जिवाभावाचं खातं भरलेलं आहे. रिकामं आहे ते दुसरं. आणि तुम्ही रोज रात्री दीड तास पहिल्याच खात्यात भर घालताय. मग फोन ठेवल्यावर भकास वाटणारच.

दुसरं, कॉलवर इतकं बोलूनही काही का उरत नाही. ऑफिसात आपण कामाचं बोलायला जायचो तेव्हा वाटेत बिनकामाचं बोलणं व्हायचं. लिफ्टपाशी, पाणी भरताना, मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या चार मिनिटांत. कॉलला वाटच नसते. बटण दाबलं की थेट विषय, बटण दाबलं की थेट खोली. शिवाय पडद्यावर सगळे चेहरे सतत अंगावर आल्यासारखे जवळ, त्यात स्वतःचाही चेहरा दिवसभर दिसणार, आणि जागेवरून हलायचं नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यांत ही तिन्ही आहेत. म्हणजे तोंड दुखतं ते खरं आहे, आणि तरी कोणी भेटलं नाही हेही खरं आहे.

आता आकड्यांचं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. त्यातला एक भाग खास तुमच्यासारख्यांवरच होता: गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेले लोक. ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणावं असं व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. मेख अशी की एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे धरले जात नाहीत. आठवड्याला दोन तास भेटलात तर २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं लागतील. शाळा-कॉलेजात हे तास आपोआप भरायचे, म्हणून मैत्री ही आपोआप होणारी गोष्ट आहे असं आपण समजून बसलो. तुमचं ऑफिस सात महिन्यांत बंद झालं. तुमच्यात काही कमी नाही, तास कमी पडलेत.

(फार झालं. थांबतो.)

स्पष्टवक्ता

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ परत जावं. काम लॅपटॉपवरच आहे ना? मग ते कुठूनही होतं. परदेशात बसून रडायची हौस कशाला?

परतलेला

@स्पष्टवक्ता, मी हेच केलं. चार वर्षांपूर्वी परत आलो, तीच नोकरी, तोच लॅपटॉप. पहिले दोन महिने सोहळा होता. मग सगळे आपापल्या कामाला लागले. मी जाताना जे मित्र होते त्यांची लग्नं, मुलं, बदल्या झालेल्या. माझी जागा होती तिथे काहीतरी ठेवून झालेलं होतं. त्यांची चूक नाही. दिवसभर मी पुन्हा एका खोलीत, दार लावून, कारण "त्याची मीटिंग चालू आहे, आत जाऊ नका". घरात पाच माणसं आणि जेवणाच्या ताटावर सोडून कोणाशी बोलणं नाही.

आल्याचा पस्तावा नाही. पण एकटेपणावरचा इलाज म्हणून येत असाल तर थांबा. त्यातला परदेशाचा वाटा किती आणि खोलीचा किती, ते आधी तपासा. माझ्यात खोलीचा वाटा मोठा निघाला.

रातराणी

परतलेला यांच्या पोस्टला +१०००. मी तर एकटी राहतही नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, माझी जुनी कंपनी म्हणाली तिकडून काम कर. मी त्यांच्या वेळेवर काम करते, म्हणजे इथल्या रात्री दोनला सुरू. नवरा उठतो तेव्हा माझं अर्धं ऑफिस झालेलं असतं. तो येतो तेव्हा मला झोप. एका घरात आम्ही चिठ्ठ्या लिहून राहतो. "एकटी थोडीच आहेस, नवरा आहे की" हे वाक्य ज्याने शोधलं त्याला भेटायचंय मला.

मला कंपनीकडून चार तास इकडच्या वेळेत सरकवून मिळाले. मागायलाच आठ महिने घालवले होते, मिळाले एका ईमेलवर. ज्यांना शक्य आहे त्यांनी वेळेचं आधी मागा. छंद-बिंद नंतर.

खिडकीतली

सगळे वाचतेय. किडा यांची "दुसरं खातं" वाली पोस्ट तीनदा वाचली. खोलीचा वाटा हेही डोक्यात फिरतंय.

एक विचित्र गोष्ट विचारू? गेल्या काही महिन्यांत मी फार मनाला लावून घ्यायला लागलेय. वरिष्ठांनी नुसतं "ओके." असं पाठवलं, पुढे पूर्णविराम, की माझं अर्धा दिवस चालू: चिडले असतील का? मी काही चुकले का? टीमच्या दोघांनी परस्पर कॉल केला असं कळलं तरी पोटात खड्डा पडतो. मी पूर्वी अशी नव्हते. त्यामुळे लोकांना आपणहून मेसेज करायचंही टाळते.

पुस्तकी_किडा

विचित्र नाही. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी कारकिर्दीतली बरीच वर्षं यावर घातली. त्यांचं म्हणणं असं: एकटेपणा हा भुकेसारखा इशारा आहे, माणसांत जा असं सांगणारा. पण तो लांबला की मेंदू पहाऱ्यावर बसतो. कळपापासून तुटलेल्या प्राण्याने सावध राहावं तसा. मग साध्या चेहऱ्यात नाराजी दिसते, साध्या शब्दात तुटकपणा ऐकू येतो. आणि माणूस स्वतःच मागे सरतो. म्हणजे ज्याला माणसं हवीत त्यालाच माणसं नकोशी वाटायला लागतात. हे चक्र तोडायची पहिली पायरी म्हणजे ते चाललंय हे ओळखणं, आणि ते तुम्ही वरच्या पोस्टमध्ये केलंत.

माझा घरगुती उपाय: ज्या मेसेजने पोटात खड्डा पडला तो मोठ्याने वाचायचा, सर्वांत आनंदी सहकाऱ्याच्या आवाजात. "ओके!" निम्मे खड्डे तिथेच बुजतात.

स्पष्टवक्ता

एकटेपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी ओढल्यासारखं आहे असं वाचलंय. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका एवढंच.

दोन_घड्याळं

तुम्ही दिलासा द्यायला आलात की घाबरवायला? :)

पुस्तकी_किडा

ते वाक्य अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर) विवेक मूर्ती यांच्या २०२३ च्या अहवालामुळे सगळीकडे पसरलं. त्यामागे खरं संशोधन आहे, पण ते मोठ्या लोकसंख्येचं गणित आहे: सामाजिक संबंधांचा अभाव आणि मृत्यूचा धोका. एका माणसाचे चार वाईट महिने त्या तराजूत घालायचे नसतात. मला ती उपमा सरकारांसाठी ठीक वाटते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयाला मंत्री नेमला, तिथे असे आकडे कामाला येतात. रात्री दीडला छताकडे बघत पडलेल्या माणसाला ते सांगू नये.

उलटटपाली

वरचं सगळं पटलं, पण ताई, "काय करू" ते राहूनच गेलं. माझे अनुभव, फसलेले आधी.

फसलं: आपल्या देशाच्या लोकांचे मोठे मेळावे. दीडशे माणसं, दीडशे वेळा "तुम्ही कुठल्या?", घरी येऊन पुन्हा एकटी. दर वेळी नवी माणसं. त्यात तास साठत नाहीत. फसलं: सगळ्या अनोळखी लोकांना एकदाच भेटवणारे कार्यक्रम. नोकरीच्या मुलाखतीसारखे वाटतात.

अर्धं जमलं: भाड्याचं टेबल घेऊन इतरांसोबत बसून काम. माणसं दिसतात एवढं खरं. पण आठवड्यातून कधीही जाण्यात अर्थ नव्हता. ठरावीक वारी, ठरावीक वेळी जायला लागले तेव्हा तेच तेच चेहरे दिसू लागले. याला आधार आहे म्हणे: १९५० साली छापलेला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीचा एक जुना अभ्यास, ज्यात जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त निघाल्या. ती माणसं काही जास्त बोलकी नव्हती. सगळे त्यांच्या दारावरून जात, इतकंच. आपल्याला घरून काम करताना कोणाच्याच वाटेत यावं लागत नाही. म्हणून कोणाच्या तरी वाटेत जाऊन बसायचं.

जमलं: भाषेचा वर्ग. इथल्या भाषेचं माझं कामापुरतं भागत होतं, मीटिंगा इंग्रजीत. पण गंमत करता येत नव्हती. हे फार कमी लोक बोलतात. परक्या भाषेत माणूस आधी विनोद गमावतो. घरी मी टोमणे मारण्यात पटाईत, आणि इथे सगळ्यांना वाटायचं ही किती गंभीर बाई आहे! माझ्यातली जी माझ्या मैत्रिणींना आवडते ती इथे कोणाला भेटलीच नव्हती. वर्गात मात्र सगळेच लंगडे. बारा देशांचे बारा लोक, कोणालाच क्रियापद धड लावता येत नाही. दर मंगळवार-गुरुवार, दोन-दोन तास, सहा महिने. किडा यांचं गणित लावा, शंभर तासांच्या वर गेले. त्यातल्या दोघी आज माझ्या घराची किल्ली ठेवतात.

आणि एक बिनपैशाचं: रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने चाला. काम सुरू करायच्या आधी, ऑफिसला निघाल्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात कुत्रेवाले मान डोलावतात. हसू नका, या असल्या पातळ ओळखींनीही दिवस बदलतो.

रातराणी

"माणूस आधी विनोद गमावतो". हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांत कोणी सांगितलं नाही मला काय हरवलंय ते.

उजेड

उत्तरेकडच्या देशांत असाल तर आणखी एक पाहा. हा त्रास दिवस लहान व्हायला लागल्यावर सुरू झाला का? मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ साली ऋतूंबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. हिवाळ्यात उजेड कमी पडला की काहींची झोप, भूक, उत्साह सगळं बिघडतं. घरून काम करणारा तर उजेड असायच्या तासांत बाहेरच पडत नाही. मला पहिले दोन हिवाळे वाटत होतं की माणसं नाहीत म्हणून उदास आहे. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रखर दिव्यासमोर बसायला लागल्यावर कळलं, अर्धा हिस्सा सूर्याचा होता. डोळ्यांचा आजार किंवा मनाच्या आजारावर औषध चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

काळजीवाहू

उजेड यांनी विषय काढला म्हणून. दोन आठवडे किंवा जास्त काळ बहुतेक दिवस उदास, आवडत्या गोष्टीतही रस नाही, झोप-भूक बिघडलेली, स्वतःबद्दल वाईट विचार, असं असेल तर ते निव्वळ एकटेपणाच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. तिथे भाषेचा वर्ग पुरत नाही. डॉक्टर गाठायचा, जगणंच नको वाटलं तर त्याच दिवशी. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाच्या काही बैठका असतात आणि साहेबाला कळत नाही. करारासोबत आलेल्या कागदांत शोधा. मी दोन वर्षं ते पान उघडलंच नव्हतं. समुपदेशक आपल्या भाषेतला मागता आला तर मागा. रडताना व्याकरण सांभाळावं लागू नये.

निवांत

आधी फार तोऱ्यात लिहिलं होतं, म्हणून एक कबूल करतो. माझं एकटं राहणं सुखाचं आहे ते खरं. पण दर बुधवारी संध्याकाळी मी पाच वर्षं त्याच चौघांबरोबर बॅडमिंटन खेळतो. हे लिहावंसं वाटलं नाही, कारण ते मी कधी मोजलंच नव्हतं.

खिडकीतली

तीन आठवड्यांनी परत आलेय.

डॉक्टरकडे जाऊन आले, तसं काही नाही म्हणाले, पण लक्ष ठेवायला सांगितलंय. घरच्या कॉलची तऱ्हा बदलली. आई पहिल्या दिवशी चिडली ("नुसता चालू ठेवायचा तर केलास कशाला?"), आता तिलाच आवडतंय. काल ती झोपून गेली आणि मी अर्धा तास तिच्या पंख्याचा आवाज ऐकत काम केलं.

भाषेचा वर्ग लावला. पहिला दिवस भयंकर गेला. शेजारच्याला माझं नाव उच्चारता येईना आणि मला त्याचं. आम्ही दोघांनी एकमेकांना "तू" वर आणून ठेवलंय. मेळाव्याचं मात्र उलटटपालींचं ऐकलं नाही, एकदा गेले. त्यांचं बरोबर होतं.

एकूण मोजले. ५० पैकी ११ तास झालेत. मध्ये एक वर्ग बुडवला, पाऊस होता आणि मन नव्हतं.

पुस्तकी_किडा

बुडवलेला धरू नका. :)

दोन_घड्याळं

हे सगळं वाचून मीही हिंमत केली आणि खालच्या शेजाऱ्याचं नाव विचारायला गेलो. दार कोणी दुसऱ्यानेच उघडलं. जुने गेल्या महिन्यात जागा सोडून गेले म्हणे. नव्याचं विचारून आलो, लिहून ठेवलंय.